सर्व्हर रूम करायचीय? आधी गुरुवार डोळ्यासमोर आणा

ऑफिसात सर्व्हर रूम करायची ठरली, की पहिला फोन रॅकवाल्याला, म्हणजे सर्व्हर बसवायच्या लोखंडी कपाटवाल्याला जातो, दुसरा एसीवाल्याला, आणि वायरिंग, अर्थिंग, जनरेटर हे सगळं "इलेक्ट्रिशियन बघेल की" म्हणून शेवटपर्यंत लांबतं. पुण्यात बरीच वर्षं हेच काम करतोय, आणि माझं कळकळीचं सांगणं एकच आहे, सुरुवात उलट्या टोकाकडून करा. गुरुवार सकाळ, महावितरणचं देखभालीचं काम, दहाला लाईट गेली ती संध्याकाळपर्यंत येणार नाही. आता तुमच्या त्या खोलीत काय काय चालू राहतंय, कशावर चालू राहतंय आणि किती वेळ, हे कागदावर लिहा. तो कागद नीट लिहिला तर निम्मा प्लॅन तिथंच झाला.

हे का सांगतोय, तर एका ठिकाणी माझ्याच डोळ्यादेखत झालेलं आहे. लाईट गेली, यूपीएसनं लोड धरला, दहाएक सेकंदात जनरेटर चालू झाला, सगळ्यांना हायसं वाटलं आणि आम्ही खाली चहाला गेलो. एसीची लाईन जनरेटरवर होती, मीच घेतली होती, पण त्या स्प्लिट एसींना ऑटो रिस्टार्ट नव्हता. म्हणजे करंट आला तरी कुणीतरी रिमोटचं बटण दाबेपर्यंत ते गप्प. अर्ध्या-पाऊण तासानं वर आलो तर दार उघडताच तोंडावर भट्टीसारखी झळ, आणि दोन सर्व्हर उष्णतेनं आपोआप बंद पडलेले. सर्व्हर यूपीएसवर आरामात चालू होते म्हणूनच खोली तापली, हे लक्षात घ्या. वीज होती, थंडावा नव्हता. छोट्या खोलीत ८-१० किलोवॅट लोड असेल तर एसी बंद पडल्यावर काही मिनिटांतच पारा चढायला लागतो.

तर पहिलं काम, लोड मोजा. सर्व्हरच्या मागं पॉवर सप्लायवर ७५० वॅट लिहिलंय म्हणून तो ७५० खातो असं नसतं, आणि तेच आकडे बेरजेला धरले तर यूपीएस दुप्पट मोठा बसतो. चालू मशीनला क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) लावा, किंवा सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टवर वॅट दिसतात ते भर कामाच्या वेळेला बघा. समजा १२ सर्व्हर सरासरी ३५० वॅटनं म्हणजे ४.२ किलोवॅट, दोन स्टोरेज मिळून १.२, स्विच आणि फायरवॉल मिळून ०.६, एकूण ६ किलोवॅट. पुढच्या तीन वर्षांची वाढ धरून ८ म्हणा. हा ८ चा आकडा आता सगळीकडं लागणार आहे, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

यूपीएस घेताना केव्हीए (त्याच्यावर लिहिलेला आकडा) आणि किलोवॅट (प्रत्यक्ष मिळणारी ताकद) यात गफलत करू नका, ०.९ पॉवर फॅक्टरचा १० केव्हीए म्हणजे हातात ९ किलोवॅट. असे दोन घ्या, सर्व्हरच्या दोन पॉवर सप्लायपैकी एक पहिल्यावर आणि दुसरा दुसऱ्यावर. पण दोन यूपीएस घेतले म्हणजे १८ किलोवॅट मिळाले असं समजून लोड वाढवत जाऊ नका, एक बंद पडला की दुसऱ्याला एकट्याला सगळं ओढायचंय, म्हणून रोजच्याला प्रत्येकावर निम्म्यापेक्षा कमीच लोड पाहिजे. रॅकमधल्या पीडीयूचंही (मशीनना वीज वाटणाऱ्या पट्टीचं) तेच, ३२ अँपिअरची सिंगल फेज लाईन म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ७.३ किलोवॅट, पण सतत चालणाऱ्या लोडला त्यातले ८० टक्केच धरायचे. बॅटरी १५ मिनिटांची पुष्कळ झाली, जनरेटर भरवशाचा असेल तर. बॅटऱ्या मात्र थंड जागेत ठेवा, २५ अंशांच्या वर दर १० अंशांना सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये बॅटऱ्या ठेवून दोन वर्षांत सगळा सेट बदलणारी माणसं मी पाहिलीत.

आता एसी. सर्व्हर जेवढी वीज खातात ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, त्यामुळं हिशोब सोपा आहे, १ टन म्हणजे ३.५ किलोवॅट. ८ किलोवॅट आणि यूपीएसचा स्वतःचा अर्धा किलोवॅट धरला तर साधारण २.४ टन. मग अडीच टन लावले की झालं का, तर नाही. आपले घरगुती स्प्लिट एसी माणसांसाठी केलेले असतात, त्यांच्या ताकदीतला पाव ते एक तृतीयांश भाग हवेतला दमटपणा काढण्यात जातो, सर्व्हर काही घाम गाळत नाहीत. दोन टनांचे दोन चालवले की नावाला ४ टन, पण उष्णता ओढायला हातात येतात २.८ च्या आसपास. म्हणजे २ टनांचे दोन चालू आणि तिसरा राखीव, आणि आळीपाळीनं चालवायला टायमर कंट्रोलर. बजेट असेल तर प्रिसिजन एसीच घ्या, ते सर्व्हर रूमसाठी, २४ तास चालायलाच बनवलेले असतात. एप्रिल-मे मध्ये गच्चीवर ४० च्या पुढं ऊन असतं तेव्हा आऊटडोअर युनिटचा दम निघतो, तिन्ही युनिट एकमेकांच्या तोंडावर गरम हवा सोडत असतील तर विचारूच नका. त्यांना सावली आणि मोकळी हवा द्या. आणि ऑटो रिस्टार्ट आहे का हे विकत घेताना मेन स्विच पाडून, परत चालू करून, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. इनडोअर युनिट रॅकच्या बरोबर वर लावू देऊ नका, ड्रेन पाईप तुंबला की पाणी सरळ सर्व्हरवर.

खोली १६ अंशांवर गारठवायची काही गरज नसते. ॲश्रेची (एसी-वातानुकूलन इंजिनिअरांची अमेरिकन संस्था) शिफारस १८ ते २७ अंशांची आहे आणि तीही सर्व्हरच्या पुढच्या तोंडाशी, जिथून तो हवा आत घेतो. रॅक तोंडाला तोंड करून लावा, थंड हवा मधल्या गल्लीत, गरम हवा पाठीमागं. रॅकमधल्या रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनल, म्हणजे झाकणाच्या पट्ट्या लावा. ही अगदी स्वस्त वस्तू आहे, पण ती नसली की मागची गरम हवा त्याच भोकातून पुढं येते आणि वरचा सर्व्हर तीच परत ओढतो. एका रॅकला १५-२० किलोवॅटच्या पुढं जायचं असेल, जीपीयू (भारी हिशोबांची, जास्त वीज खाणारी कार्डं) वगैरे, तर नुसत्या हवेनं भागवणं फार अवघड होतं. आपल्याच पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटर पाण्यानं थंड होतो, तो वेगळा विषय आहे, स्प्लिट एसीवाल्याकडून ते करून घ्यायला जाऊ नका.

जागा. बेसमेंट नको, कितीही स्वस्तात मिळत असलं तरी नको. पानशेतचं १९६१ लांबचं वाटत असेल तर २५ सप्टेंबर २०१९ ची आंबिल ओढ्याची रात्र आठवा, नाहीतर जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत शिरलेलं पाणी. जनरेटर आणि मेन पॅनल खाली ठेवायचेच असतील तर उंच ओट्यावर ठेवा. अगदी वरचा मजलाही टाळा, तिथं उन्हाळ्यात स्लॅब तापतो आणि पावसात गळतो. मधला मजला, वर संडास-बाथरूम नाही, छतातून पाण्याची लाईन जात नाही, अशी खोली शोधा.

वजनाचं कुणी बघतच नाही. भरलेला ४२ यूचा (यू हे रॅकच्या उंचीचं माप) रॅक ८०० किलोपर्यंत जातो आणि तो उभा असतो जेमतेम सहा-सात चौरस फुटांवर, बॅटऱ्यांचे स्टँड वेगळेच. ऑफिसचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २५० ते ४०० किलो धरून केलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, बीम कुठून जातो ते विचारा, जड वस्तू बीमच्या जवळ घ्या, पेठेतली जुनी बिल्डिंग असेल तर त्याच्याशिवाय एक खिळासुद्धा ठोकू नका. आणि लिफ्टचं दार मोजा हो. ४२ यूचा रॅक चाकांसकट दोन मीटरच्या वर जातो, बऱ्याच लिफ्टची दारं दोन मीटरचीच असतात, मग तो रॅक आडवा करून जिन्यातून चढवताना सहा माणसांचे हाल होतात.

अर्थिंग हा पुण्यातला खास त्रास. बाणेर-पाषाणकडं थोडं खणलं की काळा कातळ लागतो, आणि कातळात अर्थिंगचा रेझिस्टन्स खाली यायला नाकी नऊ येतात. केमिकल अर्थिंग (इलेक्ट्रोडभोवती करंट वाहणारी पावडर भरलेलं) करा, एकापेक्षा जास्त पिट, म्हणजे अर्थिंगचे खड्डे घ्या आणि सगळे एकमेकांना जोडा. "कॉम्प्युटरचं वेगळं अर्थिंग" म्हणून एक पिट सुटा ठेवायची पद्धत आहे ती धोक्याची, वीज पडली की दोन अर्थिंगमधला फरक थेट कार्डांवर येतो. रीडिंग मे महिन्यात घ्या, पावसाळ्यात माती ओली असते तेव्हा सगळ्यांचंच अर्थिंग छान दिसतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज २ व्होल्टच्या आत पाहिजे. वळवाच्या विजांसाठी मेन पॅनलमध्ये सर्ज प्रोटेक्शन (अचानक चढलेलं व्होल्टेज अडवणारं) हवंच.

जनरेटर २५ केव्हीएच्या खाली घेऊ नका, ८ किलोवॅटचे सर्व्हर असले तरी एसी, बॅटरी चार्जिंग आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचा धक्का त्यालाच सोसायचाय. एवढ्या लोडला तासाला ४-५ लिटर डिझेल जातं, गुरुवारच्या आठ तासांना ४० लिटर धरा, आणि टाकीत तेवढं आहे का हे बुधवारी संध्याकाळी बघा.

इंटरनेटच्या दोन लाईन घेतल्या म्हणजे काम झालं असं नाही, दोन्ही कंपन्यांची फायबर एकाच चरीतून येत असेल तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही गेल्या. बिल्डिंगमध्ये दोन बाजूंनी आत आणा. केबल जिथून आत येते ती भोकं फायर सीलंटनं बुजवा, उंदीर-घुशी तिथूनच येतात. आगीसाठी स्मोक डिटेक्टर आणि क्लीन एजंट गॅसचं (आग विझवतो पण मशीन खराब करत नाही असा) सिलिंडर घ्या. खोलीभर सीओटू सोडणारी सिस्टिम नको, आत माणूस अडकला तर गुदमरतो.

सर्व्हर आत न्यायच्या आधी एक टेस्ट करा, हिच्यावर मी अडून बसतो. २ किलोवॅटचे चार रूम हीटर आणा, झाले ८ किलोवॅट. दोन-दोन करून दोन्ही यूपीएसवर वाटून लावा, दार बंद करा आणि दुपारी चार तास चालू द्या, रॅकच्या तोंडाशी वर-मधे-खाली तीन थर्मामीटर. मग मेन स्विच पाडा. यूपीएस धरतो का, जनरेटर येतो का, एसी कुणी हात न लावता परत सुरू होतात का, तापमान कितीवर जाऊन थांबतं, सगळं घड्याळ लावून लिहा. मग एक एसी बंद करा आणि परत बघा, एक यूपीएस बंद करा, त्याचे दोन हीटर दुसऱ्याला जोडा आणि परत बघा. तापमानाचा अलर्ट फोनवर येतोय ना, तेही त्याच दिवशी.

दारावर आतल्या बाजूला मराठीत एक कागद लॅमिनेट करून लावा, एसी बंद दिसला तर रिमोट कुठं आहे, कुठलं बटण, कुणाला फोन करायचा. रात्री दोन वाजता तिथं वॉचमनकाकाच असतात, त्यांना एकदा आत नेऊन ते बटण त्यांच्याच हातानं दाबायला लावा.