स्टेरॉइडवाल्यांना हॉल ऑफ फेम द्यायचं का? आपली मतपत्रिका अशी भरा

स्टेरॉइड घेतल्याचा आरोप असलेला बेसबॉलपटू बॅरी बाँड्स, त्याचं नाव निघालं की उपवनच्या कट्ट्यावर आमचा अर्धा तास नुसत्या आरडाओरड्यात जातो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं ठरतं. त्यापेक्षा सरळ कागद घ्या आणि मतदान करा.

नियम कूपर्सटाउनचेच लावा, म्हणजे बेसबॉलचा हॉल ऑफ फेम जिथे आहे तिथले. तिथे बेसबॉलचे पत्रकार मत देतात, एकाला जास्तीत जास्त १० नावं, आत जायला ७५ टक्के मतं.

आता खरं काम म्हणजे नावांचे गठ्ठे करणं, इथे घाई नको. स्टेरॉइडच्या टेस्टमध्ये सापडलेले किंवा सस्पेंड झालेले एकीकडे, म्हणजे पाल्मेरो, दोनदा अडकलेला मॅनी रामिरेझ, २०१४ चा अख्खा सीझन बाहेर बसलेला ए-रॉड म्हणजे अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ. मॅग्वायरने २०१० ला स्वतः कबूल केलं, तो वेगळा. बाँड्स आणि क्लेमेन्सची नावं २००७ च्या मिचेल रिपोर्टमध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या स्टेरॉइडच्या चौकशीच्या अहवालात आहेत पण लीगने त्यांना कधी सस्पेंड केलं नाही, ते तिसरीकडे. आणि पियाझा, बॅगवेल, ज्यांच्यावर फक्त संशय होता, त्यांना ह्या कुणाच्याच शेजारी बसवू नका, प्लीज, कुजबुजीवर कुणाचं करिअर खोडायचं नसतं.

मग प्रत्येक नावापुढे वर्ष लिहा. स्टेरॉइडवर बंदी १९९१ पासून कागदावर होती, पण टेस्ट सुरू झाल्या २००३ ला आणि त्यावर शिक्षा २००४ पासून. त्यानंतर जो सापडला त्याला माझं मत नाही, नियम माहीत असून केलंय ना.

बाँड्सला मात्र मी टिक करतो. ७६२ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) आहेतच, पण ज्याच्या कारकिर्दीत हे सगळं चाललं तो लीगचा प्रमुख, कमिशनर बड सेलिग २०१७ ला आत गेला, आणि २००३ च्या टेस्टमध्ये नाव असल्याची बातमी येऊनही डेव्हिड ऑर्टिझ हा खेळाडू २०२२ ला ७७.९ टक्क्यांनी निवडला गेला, त्याच मतदानात बाँड्सला ६६ टक्के, तेही यादीतल्या त्याच्या शेवटच्या, दहाव्या वर्षी. हा न्याय मला पटत नाही.

तरी मत टाकायच्या आधी एकाला मुद्दाम विरोधात बोलायला लावा, जे स्वच्छ खेळले आणि त्यामुळेच टीममधली जागा गमावून बसले त्यांच्या बाजूने. तो मुद्दा जड आहे, आमच्यातल्या काहींनी त्यावरच मत बदललं.

मोजताना ८ जण असाल तर ६ मतं हवीत, ५ वाला बाहेर. आणि कागद फेकू नका, ए-रॉड अजून पत्रकारांच्या यादीत आहे, दर जानेवारीत निकाल लागला की ताडून बघता येईल.