२७ दिवसांपूर्वीचा वारा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सौर वाऱ्याच्या वेगाचा अंदाज हा विषय घेतला, तेव्हा माझ्याकडे जुना लॅपटॉप होता आणि पायथॉन जेमतेम येत होतं. सुपरकॉम्प्युटर नसेल तर या विषयाच्या वाटेला जाऊ नये, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं होतं. तुम्हालाही कुणी तसं सांगितलं असेल, तर पुढचं वाचा.

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा प्रवाह सतत वाहत असतो, तोच सौर वारा. पृथ्वीजवळ त्याचा वेग साधारण सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर असतो. ४०० च्या वेगाने निघालेल्या वाऱ्याला १५ कोटी किलोमीटर कापायला चार दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो, ७५० च्या वाऱ्याला सव्वादोन दिवस. वेगवान वारा कोरोनल होलमधून, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या विरळ, काळसर दिसणाऱ्या भागांतून येतो. तिथल्या चुंबकीय रेषा अवकाशात मोकळ्या सुटलेल्या असतात. म्हणजे आज सूर्य बघून पृथ्वीवर काय येणार, हे आधी सांगता येतं.

मोठी मॉडेल्स चुंबकीय द्रायुगतिकीची, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युतभारित प्रवाहाच्या गतीची, सगळी समीकरणं सोडवतात. रायली आणि लायोनेलो यांनी २०११ मध्ये मांडलेली सोपी पद्धत मात्र दाब, गुरुत्वाकर्षण आणि चुंबकीय बल बाजूला ठेवते. उरतं एवढंच: वारा बाहेर निघाला आहे, मागचा वेगवान वारा पुढच्या मंद वाऱ्याला गाठतो आहे आणि खाली सूर्य फिरतो आहे. ३० सौरत्रिज्यांवरचा वेग हाताशी असेल, तर २१५ सौरत्रिज्यांवर, म्हणजे पृथ्वीपाशी, काय होईल ते लॅपटॉपवर काही क्षणांत कळतं. माझा मूळ कोड चाळीसेक ओळींचा होता. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या गटाने याच कल्पनेवर एचयूएक्सटी हे खुलं मॉडेल बांधलं आहे. पण आधी स्वतः लिहून बघा, मग ते वापरा.

सुरुवातीचा वेग येतो सूर्याच्या चुंबकीय नकाशांवरून. सूर्याचं सतत निरीक्षण करणाऱ्या गाँग या जागतिक जाळ्याच्या सहा दुर्बिणींपैकी एक आपल्या उदयपूरला आहे, हे मला नकाशे उतरवून घेताना कळलं आणि फार आनंद झाला. नकाशावरून अडीच सौरत्रिज्यांपर्यंतचं क्षेत्र काढायचं आणि मोकळ्या चुंबकीय रेषांची प्रत्येक नळी वर जाताना किती फुगते ते बघायचं. कमी फुगली तर वारा वेगवान. वांग आणि शीली यांनी १९९० मध्ये दाखवलेला हा संबंध आजही कामाला येतो.

आता माझी चूक सांगते, कारण तिने तीन आठवडे खाल्ले. माझ्या आलेखात वेग हळूहळू चढत होता आणि एकदम पडत होता. खऱ्या मोजमापांत नेमकं उलट दिसतं: वेगवान झोत येतो तेव्हा वेग झपकन चढतो आणि मग सावकाश उतरतो. मी स्थिरांक बदलत बसले. दोष अक्षात होता. पृथ्वीसमोरचे कॅरिंग्टन रेखांश (सूर्याबरोबर फिरणारे, सूर्यावरचे रेखांश) काळाबरोबर कमी होत जातात. मी ते वाढत्या क्रमाने मांडून त्यालाच काळ समजले होते. तेव्हापासून आकडेवारी काढण्याआधी मी आलेखाचा आकार बघते. (ओम्नी या सौर वाऱ्याच्या मोजमापांच्या संग्रहातल्या ताशी नोंदींत मोजमाप नसेल तिथे वेग ९९९९ लिहिलेला असतो. तो काढल्याशिवाय सरासरी घेऊ नका.)

पुढचा धडा अधिक मोलाचा. माझं मॉडेल झोत बरोबर पकडत होतं, फक्त दिवसभर उशिरा. वर्गमध्यमूळ चूक (प्रत्येक क्षणीच्या फरकाच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढली, तर सरासरी वेगाची सपाट रेघ माझ्यापेक्षा सरस ठरली! कारण एक दिवस चुकलेल्या झोताला दोनदा दंड बसतो: खरा झोत आला तेव्हा तो दाखवला नाही म्हणून एकदा, नव्हता तेव्हा दाखवला म्हणून पुन्हा. सपाट रेघ एकही झोत सांगत नाही, उपग्रह सांभाळणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. म्हणून शिखरं जुळवून बघा: किती झोत सापडले, किती सुटले, किती तासांचा फरक पडला.

आणि तुलना नेहमी २७ दिवसांपूर्वीच्या वाऱ्याशी करा. पृथ्वीवरून पाहता सूर्याची एक फेरी साधारण तेवढ्यात होते, त्यामुळे टिकाऊ कोरोनल होलचा झोत पुन्हा भेटीला येतो. ‘मागच्या फेरीला होता तोच आज’ हा अंदाज शांत सूर्याच्या काळात भल्याभल्या मॉडेल्सना दमवतो. माझा कोड त्याच्यापुढे पहिले दोन महिने हरतच होता. जिंकला तो एक नवं कोरोनल होल उघडलं तेव्हा, कारण मागच्या फेरीला ते नव्हतंच.