ट्रॉली जोडली की पिकअप मागून बसते? पाटे वाढवण्याआधी या चुका टाळा

लग्नसराईत जनरेटरची ट्रॉली ओढणारी पिकअप नागपूरच्या वर्धा रोडवर दिसली की माझी नजर आधी तिच्या मागच्या चाकांवर जाते. मडगार्ड टायरला टेकायला आलेलं, नाक वर, हेडलाइटचा झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत. आमची गाडीही दोन सीझन अशीच पळाली. मिस्त्री मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांकडे, म्हणजे पाट्यांकडे, बघून म्हणाला, "भाऊ, दोन पाटे टाकून देऊ, विषय संपला." टाकले. गाडी मागून उठली, पण स्टिअरिंग तसंच हलकं राहिलं आणि रिकामी गाडी खड्ड्यांवर उड्या मारू लागली.

पहिली चूक हीच: वजन कुठे पडतंय हे न बघता पाट्यांना हात लावणं. ट्रॉली अडकवायचा हूक मागच्या चाकांच्या बराच मागे असतो, म्हणून तिथलं वजन तरफेसारखं काम करतं. समजा पुढच्या-मागच्या चाकांत ३०० सेंमी अंतर आहे, हूक मागच्या चाकांच्या १२० सेंमी मागे आहे आणि त्यावर ट्रॉलीच्या ओढदांडीचं १५० किलो वजन आलं. मागच्या चाकांवर १५० नाही, २१० किलो वाढतात. वरचे ६० पुढच्या चाकांवरून उचलले जातात. ब्रेक आणि वळण, दोन्हींचा भरवसा पुढच्या चाकांवर. पाटे वाढवून किंवा एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी) लावून मागची उंची मिळते, ते ६० किलो परत मिळत नाहीत. एक्सलची क्षमताही वाढत नाही. हूक वेल्डिंग करून आणखी मागे नेला तर तरफ अजून लांबते.

म्हणून आधी मोजा. सपाट जागेवर रिकाम्या गाडीच्या चारही चाकांवर, जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, आकडे खडूने तिथेच लिहा. नेहमीचा माल भरून, ट्रॉली जोडून पुन्हा मोजा. मागचं खाली येणारच, पण पुढचं किती वर गेलं ते नीट बघा. मग दांडीचं वजन करा: ट्रॉलीच्या चाकांना दगड लावा, दांडी हुकाच्याच उंचीवर ठेवून तिच्या टोकाखाली धान्याच्या दुकानातला मोठा काटा ठेवा. भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के दांडीवर यायला हवं. १,००० किलोची ट्रॉली असेल तर १०० ते १५० किलो.

आमच्या दांडीवर याहून बरंच जास्त निघालं, कारण डिझेलचे कॅन आणि केबलचे ड्रम सगळे ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला रचलेले. ते चाकांच्या वर सरकवले. हौद्यातले लोखंडी पाइपही फाळक्याजवळून केबिनच्या पाठीला नेले. एक रुपया खर्च न होता गाडी डोळ्यांना दिसेल इतकी उठली.

इथे दुसरी चूक होते, आणि ती जास्त घातक आहे. गाडी उठते म्हणून लोक ट्रॉलीतलं वजन चाकांच्याही मागे ढकलतात. दांडी हलकी झाली की वेगात ट्रॉली डावी-उजवी झोलायला लागते आणि पिकअपलाही सोबत ओढते. १० टक्क्यांच्या खाली जाऊ नका.

टायरचं प्रेशर सकाळी, गाडी थंड असताना बघा. मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलंच दिसतं. ते पाहून हवा सोडली तर रात्री तेच टायर कमी हवेवर वजन ओढतात.

एवढं करूनही गाडी बसत असेल, किंवा रिकामीच एका बाजूला झुकत असेल, तर पाटे उघडा. तुटलेला पाटा, सैल यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे), झिजलेले शॅकल बुश (पाट्याच्या टोकाच्या सांध्यातले). थकलेला सेट बदलणं योग्यच, पण कंपनीच्या मापाचा. वजन मंजूर मर्यादेच्या वर असेल तर कोणताच पाटा कामाचा नाही: ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.

नवे पाटे बसवल्यावर आठवडाभर माल वाहून झाला की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. पाटे एकमेकांत बसले की बोल्ट थोडे सैल पडतात. आणि रात्री निघण्याआधी, ट्रॉली जोडलेली असतानाच, भिंतीवर हेडलाइट टाकून झोत खाली उतरवा.