कुंडीतली फळझाडं: आंबा, लिंबू, पेरू, सीताफळ, पपई

कुंडीतलं झाड फळ धरत नसेल तर बहुतेक जण खत वाढवतात. पण बिघाड बऱ्याचदा मुळांत असतो. जमिनीतलं झाड पाणी-हवा शोधत मुळं दूर पसरवू शकतं, कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही. म्हणून कुंडी, माती आणि पाणी या तीन गोष्टींवर सगळ्यात जास्त लक्ष द्या.

रोप निवडताना

पपई सोडली तर कलमच घ्या. बियांपासूनच्या आंब्याला फळ यायला पाच ते आठ वर्षं लागू शकतात आणि फळ मूळ झाडासारखंच येईल याची खात्री नसते. कलम दोन-तीन वर्षांत फळावर येतं. आंब्यात ठेंगणी जात बघा. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली आम्रपाली कुंडीला चांगली मानवते.

घेताना उंची बघून भुलू नका. बुंधा जाड हवा, कलमाचा सांधा पूर्ण भरलेला हवा आणि पिशवीच्या तळातून मुळांचं जाळं बाहेर आलेलं नसावं. सांध्यावर प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर ती काढून टाका, नाहीतर बुंधा जाड होताना ती आत रुतते. सांध्याखालून फुटणारा प्रत्येक कोंब खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचा असतो. दिसताक्षणी बोटाने मोडा. तो राहिला तर वर्षभरात कलमाला मागे टाकतो.

कुंडी आणि माती

लहान कलम थेट मोठ्या ड्रममध्ये लावू नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहून आंबते. आधी १२ इंची कुंडी, ती मुळांनी भरली की १६ इंची आणि शेवटी २० ते २४ इंची, असं टप्प्याने जा. गच्चीवर ठेवणार असाल तर वजनाचा विचार करा. १०० लिटरची कुंडी ओल्या मातीसह १३० ते १५० किलोपर्यंत जाते. ती गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळईच्या किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवा.

मिश्रण असं: चार भाग पोयट्याची (गाळाची भुसभुशीत) माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाडी वाळू. १०० लिटरला २०० ग्रॅम निंबोळी पेंड पुरते. चिकण माती असेल तर ती दोन भागांवर आणा आणि वाळू तीन भाग घाला. अर्धवट कुजलेलं शेणखत अजिबात नको. ते कुंडीत तापतं, मुळं भाजतात आणि त्यातून हुमणी ही मुळं खाणारी अळीही येते.

तळाशी खडीचा थर द्यायची पद्धत आहे, त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे ओला भाग उलट मुळांच्या जवळ येतो. भोकांवर जाळीचा तुकडा ठेवा आणि तळापासून मिश्रणच भरा. कुंडी विटांवर ठेवली की भोकं मोकळी राहतात.

लावताना सांधा मातीच्या चार-पाच बोटं वर हवा. मुळं गोल फिरलेली असतील तर मातीच्या गोळ्याला बाजूने तीन-चार उभे काप द्या, नाहीतर ती तशीच फिरत राहतात. जागा अशी निवडा की दिवसाला किमान सहा तास थेट ऊन मिळेल. त्याहून कमी उन्हात पानं येतील, फळ क्वचितच.

पाणी

सर्वाधिक झाडं इथे जातात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं गुदमरून कुजतात आणि कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत. त्यामुळे माती ओली असूनही पानं मलूल होतात. ते बघून आणखी पाणी दिलं जातं आणि झाड आठवड्यात संपतं. पान मलूल दिसलं की आधी बोट मातीत दोन इंच घाला. कोरडं लागलं तरच पाणी. ओलं लागलं तर पाणी बंद करा, कुंडी आडोशाला घ्या आणि वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या.

द्याल तेव्हा खालून बाहेर पडेपर्यंत द्या. रोज थोडं थोडं शिंपडलं की वरचा थर भिजतो आणि मुळं वरच राहतात. मातीवर पांढरा थर दिसला तर क्षार साठले आहेत. कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधं पाणी एकाच वेळी हळूहळू ओतून ते धुऊन काढा. लिंबाची फळं तडकतात तीही पाण्याच्या चढउताराने. माती फार सुकू देऊन एकदम भरपूर पाणी दिलं की आतला गर फुगतो आणि साल फाटते.

मोहोर आणि छाटणी

आंब्याचा मोहोर पक्व झालेल्या फांदीच्या शेंड्याला येतो. म्हणून आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर लगेच करा, उशीर झाला तर येणारा मोहोरच कापला जातो. मोहोराआधी दीड-दोन महिने नत्राचं खत थांबवा आणि पाणी कमी करा, नाहीतर मोहोराऐवजी पालवी फुटते. कलमाला पहिल्या वर्षी मोहोर आला तर तो दोन-तीन इंचांचा असतानाच खुडा. मन होत नाही, पण त्या ताकदीने बुंधा भरतो.

पेरूचं उलट आहे. त्याची फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे शेंडे छाटले की फूट आणि फुटीबरोबर कळी. लिंबाच्या फक्त सुक्या आणि आत वळलेल्या फांद्या काढा.

सीताफळाला फुलं भरपूर येतात आणि गळून जातात, कारण त्याच फुलातला मादी भाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतो. हाताने परागीकरण केलं की फरक लगेच दिसतो. संध्याकाळी पाकळ्या पूर्ण उघडलेलं फूल घ्या. आतले पुंकेसर मळकट झाले असतील तर ते छोट्या वाटीत झाडून घ्या. सकाळी लवकर, पाकळ्या जेमतेम विलग झालेल्या फुलात मऊ कुंचल्याने तो पराग मधल्या चिकट, चमकणाऱ्या टोकांवर गोल फिरवून सगळीकडे लावा. एकाच बाजूला लागला तर फळ वाकडं होतं.

पपई

ताज्या बिया पाण्यात चोळून वरचं बुळबुळीत आवरण काढा, ते उगवण रोखतं. एक सेंटीमीटर खोल पेरा. उबदार हवेत दोन ते तीन आठवड्यांत उगवतात. एका मोठ्या कुंडीत तीन रोपं लावा आणि फुलं येईपर्यंत थांबा. लांब लोंबत्या दांड्यावर फुलांचे घोस आले तर तो नर. खोडालगत बुडाशी फुगीर फूल ती मादी, सडपातळ फूल उभयलिंगी. उभयलिंगी झाड ठेवा, परागासाठी दुसऱ्याची गरज पडत नाही. खोडाला पाणी लागू देऊ नका, बुंधा लवकर कुजतो.

पानं आणि कीड

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोह मिळत नाही, बहुधा जड पाण्याने माती अल्कधर्मी झालेली असते. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला १ ग्रॅम फवारा. जुनी पानं कडेने पिवळी आणि देठाशी हिरवा त्रिकोण: मॅग्नेशियम कमी. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम.

खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर पिठ्या ढेकूण किंवा मावा हे रस शोषणारे किडे शोधा, मुंग्या त्यांची राखण करतात. कापसाने पुसून काढा आणि कडुनिंब तेल ५ मिली, द्रव साबण १ मिली, एक लिटर पाणी असं संध्याकाळी फवारा. फुलोऱ्यावर मात्र फवारू नका. पेरू लिंबाएवढा झाला की कागदी पिशवी बांधा, फळमाशीला ते सगळ्यात खात्रीचं.

मुळांची छाटणी

दोन-तीन वर्षांनी पाणी खाली जायला वेळ लागू लागतो आणि फळ बारीक होतं, म्हणजे कुंडी मुळांनी भरली. आंब्यात फळं उतरल्यावर, इतरांत नवी फूट येण्याच्या सुमारास झाड बाहेर काढा, गोळ्याच्या सगळ्या बाजूंनी आणि तळाने दोन इंच कापा, वरचा पर्णभार तिसऱ्या हिश्शाने कमी करा आणि ताज्या मिश्रणात लावा. पंधरा दिवस सावली. महिनाभर रासायनिक खत नको, कापलेली मुळं ते सोसत नाहीत.