नानासाहेबांच्या विलायती कहाण्या: खरं किती, कसं ताडावं

१८५७ च्या उठावातले कानपूरचे पुढारी नानासाहेब पेशवे १८५९ मध्ये नेपाळच्या तराईत तापाने वारल्याची खबर आली. विलायतेत अनेकांना ती पटली नाही आणि 'कानपूरचा राक्षस' पुढे कित्येक वर्षं छापील कागदांवर फरारी राहिला. हे कागद वाचताना कुणी सांगतं, इंग्रजाने लिहिलंय म्हणजे खोटंच. दुसरा सांगतो, त्याच काळातलं आहे म्हणजे खरंच. दोघांचंही ऐकू नका.

आधी तारखा मांडा. तेव्हा हिंदुस्थान आणि लंडन यांच्यात थेट तार नव्हती. १० मे १८५७ च्या मेरठच्या उठावाची बातमी तिकडे पोचायला जूनअखेर उजाडली. याहून फार लवकर छापलेला 'ताजा वृत्तांत' बाजूला ठेवा.

मग सांगणाऱ्याचं वैर तपासा. कानपूरच्या नानकचंदाची रोजनिशी सगळे उद्धृत करतात, पण तो नानांच्या विरोधातल्या वारसाहक्काच्या दाव्यात गुंतलेला होता, हे क्वचितच कुणी सांगतं.

खरी फसगत होते ती 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं' या वाक्यापाशी. मी इथेच पडलो. १५ जुलैला कानपूरच्या बिबीघर नावाच्या घरात कोंडलेल्या इंग्रज बायका-मुलांची कत्तल झाली आणि १७ ला इंग्रज सेनापती हॅवलॉकची फौज कानपुरात शिरली. त्यानंतरच्या गोऱ्या शिपायांच्या पत्रांत भिंतीवरचा मजकूर येतो: कोंडलेल्या बायकांनी सूड घ्या म्हणून लिहिलेला. वेगवेगळी माणसं, भिंत एकच. मी वहीत 'स्वतंत्र साक्षी' असं लिहून मोकळा झालो.

ते शिपाई खोटं बोलत नव्हते. मजकूर भिंतीवर होताच. पण पत्रं विषयवार न लावता आत शिरण्याच्या क्रमाने लावली, तेव्हा सगळं उलटलं. पहिल्यांदा आत गेलेल्यांनी रक्त पाहिलं, केस पाहिले, फाटके कपडे पाहिले. लिहिलेलं काही पाहिलं नाही. ती अक्षरं मागाहून आलेल्या सैनिकांची होती, हे पुढे इंग्रज इतिहासकारांनीच मान्य केलं. म्हणून साक्षीदार किती, हे मोजू नका. सर्वांत आधी कोण पोचलं आणि त्याने काय पाहिलं नाही, ते शोधा. हे सोडून बाकी काहीच केलं नाहीत तरी चालेल.

एक मात्र बजावून सांगतो. भिंतीवरचा मजकूर बनावट ठरला म्हणून कत्तल बनावट ठरत नाही. ती झाली. नानांनी स्वतः हुकूम दिला का, हा आणखी वेगळा प्रश्न आहे. तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात कोंबणारा लेखक माझ्या लेखी बाद.

'नाना सापडले' या बातम्यांना फार वेळ देऊ नका. डोक्यावर एक लाख रुपयांचं इनाम होतं, तेव्हा नाना गावोगाव दिसणारच. १८७४ मध्ये शिंद्यांनी ग्वाल्हेरला एक माणूस इंग्रजांच्या हवाली केला. ओळख पटवायला नानांना पूर्वी पाहिलेली माणसं आणली, ती पटली नाही आणि तो सुटला. अशी बातमी भेटली की त्याच वर्तमानपत्राचे पुढच्या दोन-तीन महिन्यांचे अंक मागवा. पकडल्याला रकाने मिळतात, सुटल्याला चार ओळी, त्याही आतल्या पानावर.