नाशिकला सुट्टीवर आलात? मग पळायचं असं

परदेशात रोज पळणारा माणूस तीन आठवड्यांसाठी नाशिकला येतो, बॅगेत बूट आणतो आणि त्यातले निम्मे दिवस बूट बॅगेतच राहतात. पाय तयार असतात, पण घराचं घड्याळ वेगळं चालतं. ते घड्याळ बदलायला जाऊ नका. पळणं त्यात बसवा.

अमेरिकेहून आल्यावर पहिले काही दिवस पहाटे तीनलाच डोळे उघडतात. म्हणून लगेच बाहेर पडू नका. डिसेंबरअखेर नाशिकला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधीच्या अंधारात खड्डा दिसत नाही, गतिरोधकही दिसत नाही. शिवाय थंडीत कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटलेल्या असतात आणि धूर खालीच साचून राहतो. तेव्हा साडेसातला निघा. मे महिन्यात मात्र उलट करा: सहाला सुरुवात, सातला घरी.

आदल्या रात्रीच घरी सांगून ठेवा: किती वाजता जाणार, कुठे जाणार, कधी येणार. किल्ली मागून घ्या आणि सेफ्टी डोअरची कडी आवाज न करता कशी निघते ते दिवसा पाहून ठेवा. आजीची झोपमोड झाली, की दुसऱ्या दिवसापासून "एवढ्या पहाटे कशाला?" सुरू होतं. खिशात शंभराची नोट आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या, कारण परदेशातलं सिम इथे चालेलच असं नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रस्त्याची बाजू. गाड्या समोरून येताना दिसल्या पाहिजेत. अमेरिकेत त्यासाठी डावीकडून पळतात, इथे उजवीकडून पळायचं. जुनी सवय पायात असते, म्हणून पहिल्या दिवशी मुद्दाम लक्ष ठेवा. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा, उलट्या बाजूने येणारी दुचाकी असतेच. कानात काही घालू नका.

पहिला आठवडा गोल्फ क्लब मैदानाचा, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचा ट्रॅक किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक उत्तम. चालणाऱ्या काका-काकूंना आतली बाजू द्या, हाक मारून पुढे जा. लांब पळायचं तर रविवारी लवकर गंगापूर रोडने सोमेश्वरच्या दिशेला जा. चढासाठी पांडवलेणी; पण पायथ्यापर्यंत गाडीने जा, महामार्गावर पळू नका. पायऱ्या चढताना पळा, उतरताना चाला. गुडघे आणि घोटे दुखावतात ते उतरतानाच.

वेगाचा हट्ट सोडा. मैलाला 10 मिनिटं म्हणजे किलोमीटरला 6 मिनिटं 13 सेकंद, पण उन्हाळ्यात तोच वेग खूप जड जातो. शरीराला उष्णता सोसायला 10 ते 14 दिवस लागतात आणि तोवर सुट्टी संपत आलेली असते. अंतर न मोजता 30-40 मिनिटं पळा, बोलता येईल इतक्याच वेगाने. घाम जास्त गेला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा.

कुत्रं मागे लागलं तर पळू नका, पळणाऱ्याचाच ते पाठलाग करतं. थांबा, डोळ्यांत न बघता हळू चालत त्याच्या हद्दीबाहेर पडा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. ओरखडा असला तरी जा. हळद-चुना लावू नका.

आता खाणं. मिसळ पळण्यानंतरच. तर्री पोटात घेऊन पळायचं तर तीन तास तरी जाऊ द्या, नाहीतर छातीत जळजळ नक्की. निघण्यापूर्वी अर्धं केळं पुरे. मावशीकडे जेवण असेल तर त्या दिवशी सकाळीच पळून घ्या. तिथून संध्याकाळी पळण्याजोगं कुणी परतत नाही, आणि आग्रह मोडून परतूही नये.

पावसाळ्यात बूट भिजले तर आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला. गॅसजवळ ठेवू नका, गोंद सुटतो. निघायच्या दोन दिवस आधी तळाची माती जुन्या टूथब्रशने घासून काढा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला विमानतळावर मातीचे बूट जाहीर करावे लागतात आणि तपासले जातात. बूट पूर्ण वाळले, की त्यांच्या आत मोजे कोंबा, वेगळ्या पिशवीत बांधा, आणि चिवड्याची पाकिटं त्यांच्यापासून लांब ठेवा.