एनसीएलटीच्या आदेशाने होणारी सभा : नाशिकच्या नव्या सीएस (कंपनी सेक्रेटरी) ट्रेनींसाठी

सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये विलीनीकरण काही रोज निघत नाही. आपल्याकडच्या ट्रेनींच्या वाट्याला बोर्ड मीटिंगची मिनिट्स, वार्षिक सभा आणि आरओसीचे (कंपनी निबंधकांचे) फॉर्म येतात. मग एखाद्या वर्षी विलीनीकरणाच्या योजनेवर मत घेण्यासाठी एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या) आदेशाने घ्यायची सभा समोर येते, आणि बरेच जण वार्षिक सभेचाच साचा उचलून कामाला लागतात. तसं करू नका.

पूर्वी विलीनीकरणाच्या मंजुरीचं हे काम 1956 च्या कंपनी कायद्याखाली हायकोर्टात चालायचं. डिसेंबर 2016 पासून ते 2013 च्या कायद्याच्या कलम 230 ते 232 खाली एनसीएलटीकडे आलं. आपल्याला मुंबई खंडपीठ, म्हणजे कफ परेड. सभा घ्यायचा हुकूम तिथून येतो, अध्यक्ष आणि स्क्रुटिनायझर (मतदान तपासणारा) तिथूनच नेमले जातात आणि अहवालही तिथेच जातो. प्रमोटर कितीही वजनदार असोत, त्या दिवशी खुर्चीत बसणारा माणूस न्यायाधिकरणाला उत्तर देणार असतो.

म्हणून आदेशाची प्रत हातात आली की आधी ती प्रिंट काढून पेन्सिल घेऊन वाचा. कोणत्या वर्गाची (भागधारकांची की कर्ज देणाऱ्यांची) सभा, तारीख, जागा की व्हिडिओ कॉन्फरन्स, कोरम (किमान हजेरी) किती, कोरम भरला नाही तर काय करायचं, जाहिरात कोणत्या पेपरांत द्यायची, सगळं त्यात असतं. आदेश आणि तुमच्या सवयीत फरक दिसला तर आदेश पाळायचा.

नोटीस सभेच्या किमान एक महिना आधी जायला हवी, सोबत योजना आणि स्पष्टीकरणाचं निवेदन. रवानगीच्या पावत्या जपून, क्रमाने लावून ठेवा. नोटिसा गेल्या, जाहिरात आली, याचं प्रतिज्ञापत्र अध्यक्षाला सभेच्या किमान सात दिवस आधी दाखल करावं लागतं आणि त्याचा सगळा आधार तुमची फाइल असते. आयकर खातं, आरओसी, रीजनल डायरेक्टर यांनाही नोटीस जाते; म्हणणं मांडायला त्यांना 30 दिवस असतात.

आता मतमोजणी. इथे दोन कसोट्या आहेत : मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं बाजूने हवीत, आणि त्यांच्याकडे मत दिलेल्या भागांच्या (शेअरच्या) मूल्याचा तीन चतुर्थांश हिस्सा हवा. समजा 30 जणांनी मत दिलं. प्रमोटरांच्या घरातले 12 जण बाजूने, त्यांच्याकडे 88 टक्के भाग. उरलेले 18 विरोधात. मूल्य पुरेसं आहे, माणसं कमी पडली, योजना पडली. मत न देता घरी बसलेल्यांची मोजदाद नाही.

मला हा नियम फार मोलाचा वाटतो. न्यायाधिकरणापुढे योजनेला हरकत घ्यायची तर किमान 10 टक्के भाग हवेत, किंवा एकूण थकीत कर्जाच्या 5 टक्के येणं हवं. दोनशे शेअर धरून बसलेल्या निवृत्त कामगाराकडे एवढं कुठून असणार? त्याचं म्हणणं मोजलं जाण्याची जागा ही सभाच. त्याला नोटीस वेळेत आणि नीट पत्त्यावर पोचवणं हे तुमचं काम आहे, आणि ते मन लावून करा.

अशाच एका सभेला सिन्नरहून एक आजी आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत जुनं शेअर सर्टिफिकेट, त्यावर वारलेल्या यजमानांचं नाव. सभासदांच्या रजिस्टरवर आजींचं नाव चढलेलं नव्हतं, त्यामुळे मत देता आलं नाही. ट्रान्समिशनचे (शेअर वारसाच्या नावावर करण्याचे) कागद आधी झाले असते तर त्या मतदार झाल्या असत्या. तेव्हापासून योजनेचं बोलणं कानावर आलं की मी पहिल्यांदा रजिस्टर काढायला सांगते. वारलेल्यांची नावं, बदललेले पत्ते, परत आलेली पाकिटं तेव्हाच हाताळायची. नोटिसा निघाल्यावर वेळ उरत नाही.

प्रॉक्सी (आपल्या वतीने दुसऱ्याला मत द्यायला नेमल्याचा कागद) सभेच्या 48 तास आधी कंपनीत पोचायला हवी. उशिरा आलेली घ्या म्हणून गळ घालतात, अगदी डायरेक्टरसुद्धा. नम्रपणे नाही म्हणा आणि मिळाल्याची वेळ कागदावर लिहा.

सभेनंतर अध्यक्षाचा अहवाल आदेशातल्या मुदतीत द्यायचा. मुदत दिलेली नसेल तर तीन दिवसांत. अहवाल दाखल झाल्यापासून सात दिवसांत मंजुरीची याचिका. त्यामुळे स्क्रुटिनायझरची आकडेवारी त्याच संध्याकाळी जुळवून घ्या. छोट्या कंपन्यांना कलम 233 ची जलद वाट आहे, तिथे एनसीएलटीची सभा लागत नाही. क्लायंटला ती लागू पडते का, हे अर्ज करण्याआधीच तपासा.